पाण्याच्या आईचं ओगराळं

नाही गं, ते खोडून टाक आधी. देवळापासून सुरुवात नको. देवळाचं सगळेच लिहितात, आता तर दारात दगडाची पाटीसुद्धा लावलीय, किती शे वर्षांचं आहे म्हणून. तू ओगराळ्यापासून लिही. लिही, की खुएनच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या रांजणावर करवंटीचं एक ओगराळं टांगलेलं असायचं. दांडी बांबूची, करवंटी धुरानं काळीकुट्ट. बघणाऱ्याला वाटायचं, तांदूळ मोजायचं आहे. खुएन तांदूळ मोजायचीसुद्धा त्यानंच. पण दर महिन्याच्या दशमीला तिचा नवरा लाम ते खाली काढायचा, मागच्या दारी उकिडवा बसून राखेनं घासायचा. कुणी आलं की म्हणायचा, "बायकोला भांडी घासायचा कंटाळा, काय करता!" आणि खुएन आतून ओरडायची, "महिन्यातून एक भांडं घासायचं आणि गावभर मिरवायचं!"

ते ओगराळं तांदळाचं नव्हतं. पाण्याच्या आईचं होतं, आपल्या बेन साय गावच्या देवळातल्या देवीचं. लामचा बाप त्यानंच नदीतून आईच्या आंघोळीचं पाणी काढायचा. मग लढाई आली, उत्सव बंद पडला. लढाई गेली, तरी उत्सव बंदच. देवळात सोसायटीचं खत आलं. आईच्या पुढ्यात पोत्यांची अशी थप्पी, की बिचारीचं नाक तेवढं दिसायचं. लामनं काय केलं असेल? तो खताचा राखणदार म्हणून लागला. खताला कसला राखणदार! पण सोसायटीतल्या लोकांना हसू आलं आणि त्यांनी ठेवून घेतला. तो रोज पोत्यांच्या फटीतून आत शिरायचा आणि आईच्या तोंडावरची धूळ पुसायचा. घरी आला की खुएन म्हणायची, "अहो, आधी नदीवर जा, मग घरात या. शेतात उभं केलं तर भात दुप्पट येईल असा वास येतोय तुम्हाला."

त्याला दोन पोरं. थोरला कोळशाच्या खाणीवर लांब गेलेला. धाकटी लुआ. ही लुआ म्हणजे नदीतलीच मासळी. पाच वर्षांची असताना देवळाच्या पायरीवरून उडी मारायची आणि सरळ आमच्या उतारूंच्या नावेला येऊन चिकटायची. तिला दिली ती पलीकडच्या काठाला, त्रूकमध्ये, तोआनच्या घरी. लाम म्हणाला होता, लांब नको, मला ऐकू येईल एवढ्या अंतरावर द्यायची. तशी दिली. लुआ संध्याकाळी तिकडच्या काठावर कपडे धुवायला यायची, आणि शेवटचं कापड झालं की धोपटणं दगडावर तीनदा जोरात आपटायची. ठप, ठप, ठप. इकडं लाम पायरीवर बसलेला असायचा. तो म्हणायचा, "झालं हिचं. चला आता जेवायला."

असं लिहिलंस ना? तीनदा. हां.

मग त्या वर्षी वसंतात परवानगी आली. खत निघालं, देऊळ धुतलं. सात दिवस धुतलं तरी वास जाईना. दुसऱ्या महिन्याच्या दशमीला पाणी काढायचं ठरलं. चाळीस वर्षांनी! दोआनआजोबा गावातले सगळ्यात वडीलधारे, त्यांनी माणसं जमवली आणि विचारलं, पाणी काढणार कोण? ज्यांना येत होतं ते सगळे मातीत गेलेले. एकटा लाम उरलेला. तो तरुणपणी तीन वर्षं बापाच्या नावेत कडं धरायला असायचा. वेताचं कडं, लाल कापड गुंडाळलेलं, ते पाण्यावर सोडायचं आणि त्या कड्याच्या आतलंच पाणी घ्यायचं. कुठं थांबायचं, दोन धारा कुठं मिळतात, कितवं ओगराळं कसं घ्यायचं, हे त्या एकट्याच्या डोक्यात. आणि पाणी काढणाऱ्याचं घर भरलेलं लागतं. बायको हवी, मुलगा हवा, मुलगी हवी, घरात सुतक नको. लामकडं सगळं होतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, भर सभेत पोरासारखा रडला. दोआनआजोबा म्हणाले, "अरे रडतोस काय, नदीत पाणी कमी आहे का!"

आधीचे सात दिवस त्यानं देवळातच राहायचं. कांदा नाही, लसूण नाही, मासळी नाही. कुणाच्या बाळंतघरी नाही, मयताघरी नाही. बायकोनं ताट उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि मागं सरायचं. आम्ही बायका खुएनला चिडवायचो. "वहिनी, सात दिवस नवरा नाही, अंगावर मांस चढलं की तुमच्या!" ती म्हणायची, "चढणारच. घोरणं ऐकायला नाही, झोप लागते ना."

आता हळू लिही, बाई. आता अष्टमी आली.

अष्टमीची सकाळ. नदीवर दाट धुकं. पाणी काढायला आमचीच नाव ठरली होती, म्हणून दोन दिवस उतारू बंद. मी आणि तुझे आजोबा नाव घासत होतो. पलीकडून कुणीतरी हाका मारायला लागलं. मी छोटं होडकं घेऊन गेले. तोआनचा मोठा भाऊ काठावर उभा होता, पाय चिखलात, चपला हातात. म्हणाला, "पहाटे लुआला मुलगी झाली. मुलगी धडधाकट आहे." मी म्हटलं, "मग तोंड असं का?" तर म्हणाला, "लुआचं रक्त थांबलंच नाही. दवाखान्याच्या अर्ध्या वाटेवर गेली. उद्या सकाळी माती देणार. तिच्या आईबापाला सांग."

मी होडकं परत कसं आणलं, मला ठाऊक नाही.

खुएन दारात बसून मुगाची डाळ निवडत होती, प्रसादाच्या लाडवांसाठी. मी सांगितलं. तिनं हातातला खडा बाजूला टाकला, अगदी नीट, डाळीत पडू नये असा. मग विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"दार लाव."

मी दार लावलं. ती रडली नाही. रडली असती तर मी तिथूनच देवळाकडं धावले असते. ती रांजणावरच्या खुंटीकडं बघत बसली. खुंटी रिकामी होती, ओगराळं देवळात गेलेलं. मग म्हणाली, "एवढी वर्षं तो माणूस खताच्या वासात बसला. आत्ता जाऊन सांगितलं तर तो उठून येईल. धावत येईल, चपलासुद्धा घालणार नाही. मग परवा पाणी कोण काढणार?"

"वहिनी, बाप आहे तो."

"बाप आहे म्हणूनच. लेक परघरी दिली तरी सुतक चुकत नाही. आता हा एकदा उठला, की पुन्हा त्याला कोण बसवणार तिथं? दोन दिवस. दोन दिवस मी एकटी सोसते. दशमीला तो बाहेर आला की मी स्वतः सांगेन. तसंही आईबाप तिरडीमागं जात नाहीत ना आपल्यात?"

जात नाहीत, खरंच आहे. लेकरू आधी गेलं तर आईबापानं मागं जायचं नसतं. पण तोंड बघायचं असतं गं. मी म्हटलं, "निदान तोंड तरी बघून या. मी नेते होडक्यातून."

ती म्हणाली, "मयताघरी जाऊन आल्यावर त्याचं ताट मी कुठल्या हातानं नेऊ? दुसरं कुणी नेलं तर तो विचारील, खुएन कुठाय? काय सांगशील?"

तुला सुचतंय का, काय सांगायचं?

मग ती उठली. पेटीतलं पांढरं मांजरपाट काढलं आणि त्याची पट्टी फाडली. तुला ठाऊक आहे ना, आईबाप गेले की लेकरं कपाळाला पांढरी पट्टी बांधतात. लेकरू आधी गेलं, तर ती पट्टी त्याच्याच कपाळाला बांधून त्याला शवपेटीत ठेवतात. पुढं आईबापासाठी बांधायला ते नसणार ना, म्हणून आधीच. ती पट्टी तिनं माझ्या हातात दिली. म्हणाली, "तू बांध. सासूला बांधू देऊ नकोस, ती ओढून गाठ मारते. लुआला लहानपणापासून कपाळाला घट्ट बांधलेलं सोसत नाही, डोकं दुखतं तिचं."

'दुखतं' म्हणाली. 'दुखायचं' नाही.

मी गेले. मी बांधली. उत्सव झाल्यावर येतो, हा खुएनचा निरोपही दिला. मयताघरी जाऊन आले म्हणून त्या नावेला मग मी हात लावला नाही, तुझ्या आजोबांनी एकट्यानं सजवली. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

संध्याकाळी खुएन ताट घेऊन देवळात गेली. मी मागं देवळाच्या वडाखाली उभी होते, म्हणून ऐकलं. भात, टोफू, नाळीची भाजी. तिनं उंबऱ्याबाहेर ताट ठेवलं आणि मागं सरली. लाम आतून आला, तोंडाला लाल फडकं बांधलेलं. आईच्या पाण्यावर आपला श्वास पडू नये म्हणून ते बांधतात, त्याची सवय करत होता. फडकं खाली ओढून म्हणाला, "अगं, लाळच गळते याच्यात. बा कसा काय बांधायचा?"

"तुमचे बा कमी बोलायचे."

तो हसला. जेवायला बसला, आणि घास हातात घेऊन थांबला. "दोन दिवस झाले, धोपटणं ऐकू आलं नाही."

खुएन म्हणाली, "बाळंतीण कपडे धुते का?"

त्यानं घास खाली ठेवला. "झाली? कधी झाली? आणि ही असं सांगते! काय झालं?"

"मुलगी."

"आणि लुआ?"

बाई, मी वडाच्या पारंबीला धरून उभी होते. खुएनचा आवाज जरासुद्धा हलला नाही. म्हणाली, "बरी आहे."

मग तो बोलतच सुटला. म्हणाला, आज सकाळी पाण्याच्या रांजणावरचं लाल कापड झटकलं, तर त्यात वडाचं एक कोवळं पान अडकलेलं, तेव्हाच मला वाटलं काहीतरी आहे. पोरीचं नाव पानाचंच ठेवायचं. दिएप. तोआनला सांग, आजोबा म्हणाले दिएप. आणि आईची आंघोळ झाली की पाणी उरतं, त्यातलं पहिलं बाळंतिणीला देतात. "ते मी स्वतः नेणार लुआला. दोआनआजोबांना विचारून ठेवलंय. हो म्हणालेत."

खुएन म्हणाली, "जेवा. भात गार होतोय."

नवमीला सकाळी देवळाच्या पडवीत पंधरा-वीस बायका लाडू वळत होत्या, चिकट भाताचे, आत मुगाचं पुरण. हसणं-खिदळणं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, "खुएनवहिनीचे लाडू बघा, एकसारखे. आजी झाली म्हणे, म्हणून जोर आलाय." आणि तेवढ्यात पलीकडून सनई आली. मयताची सनई. पाण्यावरून आवाज कसा सरळ येतो, तुला माहीत आहे. एकजण म्हणाली, "त्रूकमध्ये कुणीतरी गेलं वाटतं."

दुसरी म्हणाली, "म्हातारं असेल कुणी. थंडी लांबली यंदा."

खुएन वळत होती. सनई काठाकाठानं वर गेली, बांबूच्या बनाकडं वळली, बारीक होत गेली. ती वळतच होती. बंद झाली तेव्हा पडवीबाहेरून मी बघितलं, तिच्या हातातला लाडू वळून वळून चिंचोक्यासारखा कडक झाला होता. तिनं तो पदराखाली घातला आणि दुसरा घेतला.

दशमीला ऊन पडलं. काय गर्दी होती गं! दोन्ही काठांना माणसं, झेंडे, ढोल. दोआनआजोबा ढोलवाल्यांवर खेकसत होते, "मेल्यांनो, आईला आंघोळ घालायचीय, तिचे कान फोडायचे नाहीत!" लाम निळा झगा घालून नावेत चढला, तोंडाला लाल फडकं. तुझे आजोबा वल्ह्यावर. ते सांगायचे, की त्याला जागा शोधावी लागलीच नाही. वडाचा शेंडा आणि देवळाच्या कळसावरचा ड्रॅगन एका रेषेत आला आणि त्यानं हात वर केला. ढोल थांबले. कडं सोडलं. धार एवढी, पण कडं जागचं हललं नाही, जसं काही खालून कुणी धरलंय. त्यानं एकेक ओगराळं भरून रांजणात घातलं, थेंब सांडू दिला नाही. काठावरच्या म्हाताऱ्या हुंदके द्यायला लागल्या, कुणाला बाप आठवला, कुणाला लढाईत गेलेला लेक. सगळे रडत होते. त्या रडण्यात खुएनला एकदाचं रडता आलं. कुणालाच वेगळं वाटलं नाही.

आईची आंघोळ झाली. जेवणं झाली. लामला लोकांनी तांदळाची दारू पाजली, खांद्यावर घेतलं. मग तो पायऱ्या उतरून खाली आला, तोंड लालेलाल, हातात तेच ओगराळं. वर केळीचं पान झाकलेलं, आत पाणी. करवंटीखाली दुसरा हात लावलेला, सांडू नये म्हणून. मला म्हणाला, "चल, नाव काढ. लेकीकडं."

खुएन शेवटच्या पायरीवर उभी होती. तिनं सांगितलं. घोळवून नाही, सरळ. "लुआ नाही. अष्टमीला पहाटेच गेली. काल माती दिली."

तो म्हणाला, "तू म्हणालीस, बरी आहे."

"म्हणाले."

एवढंच. ओरडला नाही. हात उगारला नाही. ओगराळं तसंच धरून नावेत बसला, आणि पलीकडं पोचेपर्यंत त्या पाण्याकडं बघत होता. मी वल्हवत होते. आता कसला विटाळ. खुएन माझ्यामागं बसलेली.

त्रूकला पोचल्यावर तो कुणाकडं गेला नाही, सरळ बांबूच्या बनापाशी गेला. ओली माती, वर उदबत्त्यांच्या काड्या. तो बसला, पान बाजूला केलं आणि ते पाणी मातीवर ओतलं, थोडं थोडं, जसं बाळंतिणीला पाजतात तसं. माती पीत होती. संपलं तरी ओगराळं उलटंच धरून बसला होता.

तेवढ्यात विहीणबाई आली. तिची सून गेलेली, पदरात दोन दिवसांचं पोर, ती तरी काय करील? पण बोलली ते विस्तवासारखं. "झाला उत्सव? झाली लाकडाच्या बाईची आंघोळ? पोटच्या पोरीचं तोंड बघायला दोघांतलं एक आलं नाही! निरोप पाठवतात, उत्सव झाल्यावर येतो! कळलं होतं ना तुम्हाला? की नव्हतं?"

खुएननं तोंड उघडलं. मी बघितलं, ती सांगणारच होती. पण लाम तिच्या आधी बोलला. म्हणाला, "कळलं होतं. मला अष्टमीलाच कळलं होतं. हिला यायचं होतं, मीच येऊ दिलं नाही."

तोआन तिथंच उभा होता. तो थुंकला. म्हणाला, "यापुढं या काठाला पाय ठेवू नका. पोरीला आजोळ नाही."

बघ, हे नीट लिही. 'कळलं होतं' हे तो बोलला. खोटं बोलला. बायकोवर येऊ नये म्हणून आपल्यावर घेतलं.

परत आल्यावर त्यानं देवळाच्या किल्ल्या दोआनआजोबांच्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाला, "सुतकात पाणी काढलं मी." आजोबा म्हणाले, "नकळत घडलेलं आई धरत नाही रे." लाम म्हणाला, "आई धरत नसेल. पण आजोबा, मी बाप आहे." त्यानंतर तो देवळाच्या आत गेला नाही. वडाखाली बसायचा. पुढच्या वर्षी नवा माणूस शिकवून तयार केला, काठावरूनच हात करून त्याला जागा दाखवायचा. देवळाला पितळेचं ओगराळं आलं. करवंटीचं पुन्हा खुएनच्या रांजणावर.

आणि घरात काय? लोकांना वाटलं, भांडण होईल, वेगळे राहतील. काही नाही. एका ताटात जेवायचे. तिचं दुखलं-खुपलं बघायचा, पाय चेपायचा. पण त्या दिवसानंतर त्यानं तिला एकही गोष्ट विचारली नाही. भात झाला का, एवढंसुद्धा नाही. तो स्वतः उठून हंडीत बघायचा. बाजारातून ती आली तर, काय आणलं, विचारायचा नाही. टोपली उघडून बघायचा. ती मला म्हणायची, "एकदा तरी विचारू दे गं त्याला काहीतरी. काय वाटेल ते विचारू दे. मी खरं सांगेन." एकोणीस वर्षं वाट बघितली तिनं.

मग तो अंथरुणाला खिळला. एक दिवस दुपारी ती त्याला पेज भरवत होती, तर म्हणाला, "खुएन, कशी दिसत होती गं?"

चमचा तिच्या हातातून पडला. ती म्हणाली, "मी बघितलं नाही हो. मीपण गेले नव्हते."

त्याला ते ठाऊकच नव्हतं. एवढी वर्षं त्याला वाटत होतं, हिनं निदान बघितलं. त्यानं हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. ती धावत माझ्याकडं आली, ओली पेज हाताला तशीच. म्हणाली, "चल. तू बघितलंयस. चल, सांग त्याला."

मी सांगितलं. दोघांना शेजारी बसवून सांगितलं. केस विंचरलेले होते. लग्नातली जांभळी बंडी घातलेली. पाय उघडे होते, टाचेला भेग होती, नदीवरची. पट्टी लांब झाली, म्हणून मी कानामागं खोचली. तोंड असं होतं, जसं पोहून आल्यावर दमायची. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गाठ?" मी म्हटलं, "सैल." मग तो रडला. ती पण रडली. एकोणीस वर्षांनी, एका अंथरुणावर. चार दिवसांनी तो गेला.

तोआननं पोरीला घेऊन, लुआ गेली त्याच वर्षी गाव सोडलं होतं, दक्षिणेला, बिएन होआला. नावाचंही सांगते, तेही लिहून टाक. तोआन पोरीचं नाव ठेवणार होता, तेव्हा मी गेले होते. आजोबांनी सांगितलंय म्हटलं असतं तर त्यानं ते ठेवलंच नसतं. म्हणून मी म्हटलं, लुआच्या मनात होतं, दिएप. खोटंच बोलले मीही. सगळेच खोटं बोललो आम्ही, कुणी कुणासाठी, कुणी कुणासाठी.

दिएप एकदाच आली इथं, वीसेक वर्षांची असताना. आईच्या मातीला उदबत्ती लावली आणि माझ्या नावेतून देवळाच्या पायरीपर्यंत आली. वर चढली नाही. म्हणाली, "हीच का ती देवी, जिच्यासाठी माझे आजोबा आले नाहीत?" खुएन वर वडाखालीच बसली होती, हातात लाडवांचं पुडकं घेऊन. मी बोलणार, तर खुएननं मान हलवली, नको म्हणून. पोरगी गेली. पुडकं खुएननं नदीत सोडलं.

मी तिला म्हटलं, "वहिनी, का थांबवलंत मला?" म्हणाली, "त्यानं माझ्यासाठी जे अंगावर घेतलं, ते त्याच्यामागं मी कसं काढू? मी गेले की सांग."

ती या थंडीत गेली. तेव्हापासून हे ओगराळं माझ्याकडं आहे.

तू परवा दक्षिणेच्या गाडीत बसणारेस. हे कापडात गुंडाळून पिशवीत वर ठेव, खाली दाबू नकोस, दांडी कच्ची झालीय. बिएन होआला उतरलीस की आधी दिएपकडं जा, तिला दे, आणि हा कागद वाचून दाखव. सांग, तिचे आजोबा येणारच होते, चपला न घालता आले असते. सांग, तिचं नाव त्यांनी ठेवलं, ताटावरचा घास खाली ठेवून. सांग, आजीला काय म्हणायचं ते खुशाल म्हण, शिव्या दिल्या तरी चालेल, आजी तयार होती. आणि विचारलं तर, नाही विचारलं तरी, सांग तिला, आईच्या कपाळावरची गाठ सैल होती. मी बांधली होती.